उभयान्वयी अव्यय

मोटारीतले मला काय कळते? आयुष्य गेले व्याकरण शिकवण्यात. तरी मामांचा निरोप आला, "जीपची ट्रान्सफर केस गेली. पुण्यात आहेस, तर नाना पेठेत बघ." आणि मामांना 'नाही' म्हणण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही!

मामांची जीप म्हणजे जुनी सीजे-३बी. भोरकडे डोंगराच्या कुशीत त्यांचे शेत. घरापासून सडकेपर्यंतचा चढ पावसात असा होतो, की माणूसही वहाणा हातात घेऊन चढतो. गेल्या आषाढात मामी तापाने फणफणल्या आणि जीप जागची हलेना. अखेर चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणले. दोष जीपचा नव्हे. दर दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालत आलो. त्या खोक्यात तेल किती उरले, हे मात्र कुणीच पाहिले नाही.

नाना पेठेत मामांचे मिस्त्री बरोबर होते. मी विचारले, "हे खोके करते तरी काय?"

"गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते, मास्तर."

"म्हणजे उभयान्वयी अव्यय!" मी म्हणालो. मिस्त्रींनी माझ्याकडे कीव करून पाहिले.

पहिल्या दुकानात एक चकचकीत खोके होते, स्पायसर २०. मला ते एकदम पसंत पडले. मिस्त्री म्हणाले, "आपले स्पायसर १८. त्यातून मागचा दांडा एका बाजूने निघतो, यातून मधोमध. हे बसवायचे तर मागचा अख्खा आस बदला. शिवाय याचा लो गिअर २.०३चा, आपला २.४६चा. चढाला जोर कमी पडेल."

दुसऱ्या दुकानात स्पायसर १८च होते, निम्म्या किमतीत. मी पाकीट काढले. मिस्त्रींनी खोके लो गिअरमध्ये टाकले आणि आतले दातेरी चाक हाताने फिरवत मोजू लागले. चार फेऱ्यांत बाहेरचा दांडा दोनदा फिरला. "हे लढाईतल्या जीपचे, १.९७चे. आपल्याला जवळजवळ पाच फेऱ्या लागायला हव्यात. मधला दांडाही बारीक, पाऊण इंचाचा."

तिसऱ्या दुकानात, तेलकट ढिगाच्या तळाशी, पाच फेऱ्या भरल्या. मधला दांडा सव्वा इंचाचा निघाला. रूप म्हणाल तर नावालाही नव्हते. किंमत मात्र दुप्पट! मी घासाघीस करू लागलो, तोच मिस्त्री हळूच म्हणाले, "मास्तर, वहिनींना पुन्हा खुर्चीतून आणायचे का?" मी मुकाट्याने पैसे मोजले.

परवा दसऱ्याला मामी जीपमधून सडकेपर्यंत आल्या. मी माळ घेऊन पुढे झालो, तर मामांनी हात धरला.

"आधी तेल बघ," ते म्हणाले, "मग माळ."