व्हिसा कोणाच्या हाती? ब्रिटनमधील संगणक व्यावसायिकांचा प्रश्न

भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. त्याआधी मे महिन्यात बोलणी पूर्ण झाल्याचे जाहीर होताच तेथील राजकारणात एका तरतुदीवरून मोठा गदारोळ उठला. भारतीय कंपनीने काही काळासाठी ब्रिटनला पाठविलेल्या कर्मचाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तेथील नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी लागू होणार नाही, त्याची वर्गणी मायदेशीच भरली जाईल, अशी ती तरतूद आहे. पूर्वी ही सवलत ५२ आठवड्यांची होती. यामुळे भारतीय कर्मचारी स्वस्त व ब्रिटिश कर्मचारी महाग ठरेल, असा विरोधी पक्षांचा आक्षेप होता. असे करार इतर अनेक देशांशीही आहेत, असे सरकारचे उत्तर होते.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुलेमुली संगणक क्षेत्रात आहेत व त्यांतील काही परदेशी जातात. म्हणून या वादाचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे.

‘कंत्राटी कामगार’ म्हटले की आपल्यासमोर तुटपुंज्या मजुरीवर राबणारा माणूस उभा राहतो. ब्रिटनमधील संगणक काँट्रॅक्टर वेगळा आहे. तो बहुधा स्वतःची छोटी कंपनी नोंदवितो आणि एखाद्या बँकेत वा सरकारी खात्यात काही महिन्यांचे काम रोजच्या ठरावीक दराने घेतो. त्याला भरपगारी रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, उद्याची शाश्वती नाही. त्याचा चढा दर ही या असुरक्षिततेचीच किंमत असते.

या वर्गावर २००० साली एकाच वेळी दोन बाजूंनी दडपण आले. एप्रिलमध्ये ‘आयआर ३५’ हा करनियम लागू झाला. जो प्रत्यक्षात नोकरासारखा राबतो, त्याने नोकरासारखाच कर भरावा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी सरकारने संगणक कौशल्ये टंचाईच्या यादीत घालून वर्क परमिट झटपट देण्यास आरंभ केला. पुढे संगणक उद्योगात मंदी आली, कामे आटली, तरी परवाने चालूच राहिले. १९९९ साली स्थापन झालेल्या प्रोफेशनल काँट्रॅक्टर्स ग्रुप या संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठविला आणि २००२ साली ही कौशल्ये यादीतून वगळण्यात आली.

परंतु दुसरे दार उघडेच होते. कंपनीने आपलाच कर्मचारी आपल्याच ब्रिटिश शाखेत बदलीवर न्यायचा, हा तो मार्ग. २०११ साली नोकरीच्या व्हिसांवर वर्षाला २०,७०० ची मर्यादा आली, ती या बदल्यांना लागू नव्हती. वर्षाहून अधिक काळासाठी किमान वेतन ४०,००० पौंड, पण त्याहून कमी काळासाठी केवळ २४,००० पौंड ठरले. त्यातही घरभाड्यासारखे भत्ते धरता येत. साहजिकच अल्प मुदतीच्या कामात काँट्रॅक्टरचा टिकाव लागणे कठीण झाले. २०१७ साली अल्प मुदतीचा मार्ग बंद झाला व किमान वेतन ४१,५०० पौंड झाले. जुलै २०२५ मध्ये ते ५२,५०० पौंडांवर नेण्यात आले.

येथवर वाचून काँट्रॅक्टरचा राग रास्त वाटेल. पण शेजारच्या टेबलावर बसलेल्या भारतीय तरुणाचेही पाहावयास हवे. त्याचा व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. नवा परवानाधारक मालक मिळाल्याशिवाय त्याला नोकरी सोडता येत नाही. नोकरी गेली, तर दुसरा मालक शोधण्यास त्याला साधारणपणे ६० दिवस मिळतात. बदलीवर गेलेल्याची तेथील वर्षे कायम वास्तव्यासाठी मोजलीही जात नाहीत. उचल घेतलेला ऊसतोड कामगार ज्याप्रमाणे हंगामाच्या मध्यावर मुकादम बदलू शकत नाही, तशीच ही स्थिती. केवळ कपडे इस्त्रीचे आहेत. असा माणूस जादा तासांचा मोबदला कोणत्या बळावर मागणार? तो स्वस्त पडतो, कारण तो बांधलेला आहे.

याला पर्याय नव्हता असे नाही. २००२ साली ब्रिटनने अतिकुशल स्थलांतरितांसाठी एक योजना आणली. शिक्षण, अनुभव व उत्पन्न यांवर गुण मिळत आणि परवाना त्या व्यक्तीच्याच नावे असे. त्याने हवी तर नोकरी करावी, हवा तर स्वतंत्र व्यवसाय करावा. असा माणूस बाजारभावाने काम घेऊ शकत असे. इतरांचा दर पाडण्याचे त्याला कारण नव्हते. २००६ साली सरकारने आधीच आलेल्यांनाही नवे कठोर नियम लावले. एप्रिल २००८ मध्ये उच्च न्यायालयाने ते अन्यायकारक ठरविले. पण त्या योजनेची जागा घेणारा मार्गही २०११ साली नव्या अर्जदारांना बंद झाला. १ डिसेंबर २०२० पासूनचा ‘स्किल्ड वर्कर’ व्हिसा पुन्हा मालकाशीच बांधलेला आहे.

काँट्रॅक्टरची कोंडी केवळ परदेशी माणसाने केली, असेही नव्हे. स्वतंत्र व्यावसायिक कोण हे ठरविण्याची जबाबदारी सरकारी क्षेत्रात २०१७ पासून आणि मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत २०२१ पासून काम देणाऱ्याकडे गेली. जोखीम नको म्हणून अनेक कंपन्यांनी असे काँट्रॅक्टर घेणेच थांबविले.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’ या विश्वपत्रात सांगितले की, स्थलांतरित कामगाराला हक्कांच्या बाबतीत इतर कामगारांपेक्षा कमी लेखता कामा नये आणि स्थलांतर हे पिळवणुकीचे निमित्त होऊ नये. या शिकवणुकीत स्थानिक कामगाराचेही हित आहे. नवागताला समान वेतन व मालक बदलण्याची मोकळीक असेल, तर कोणाचेही काम हिरावण्यासाठी त्याचा वापर करता येणार नाही. व्हिसांची संख्या किती असावी हा वाद चालूच राहील. त्याहून महत्त्वाचा प्रश्न व्हिसा कोणाच्या हाती असावा, हा आहे.

तोवर परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना पालकांनी काही साधे प्रश्न अवश्य विचारावेत. व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे? पगारात मूळ वेतन किती व भत्ते किती? भविष्य निर्वाह निधी कोठे जमा होणार? आणि नोकरी मध्येच सुटली, तर हाती किती दिवस राहतील? विमानाचे तिकीट निघण्यापूर्वी याची उत्तरे कागदावर मिळालेली बरी.