श्वानखाद्याला वाली कोण?

शहरी मध्यमवर्गीय घरांतील कुत्रा आता दाराशी बांधलेला राखणदार राहिलेला नाही. तो कुटुंबाचा सदस्य झाला आहे. त्याबरोबर त्याच्या ताटलीतील अन्नही बदलले. शिळी पोळी, दूध-भात आणि खाटकाकडून आणलेले तुकडे यांची जागा पिशवीतील कोरड्या दाण्यांनी, म्हणजेच ‘ड्राय फूड’ने घेतली. नोकरदार कुटुंबांची सोय आणि पशुवैद्यकांचा सल्ला ही या बदलाची प्रमुख कारणे. त्यात गैर काही नाही. केवळ दूध-पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाला पुरेशी प्रथिने व खनिजे मिळत नाहीत. योग्य प्रमाणात तयार केलेले कोरडे खाद्य ही उणीव निश्चितच भरून काढते.

मात्र या बदलाची एक बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. माणूस सकाळी पोहे, दुपारी भाजी-पोळी आणि रात्री खिचडी खातो. एखाद्या जिन्नसात खोट असली, तरी तिचा परिणाम विभागला जातो. कुत्रा मात्र एकच खाद्य दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षे खातो. त्या एका पिशवीत काही कमी पडले किंवा काही अपायकारक शिरले, तर त्याचा सारा भार त्याच्या यकृतावर, मूत्रपिंडांवर आणि हृदयावर येतो. तक्रार करण्यासाठी त्याला वाचाही नसते. म्हणूनच ‘चांगले ड्राय फूड कोणते?’ हा प्रश्न केवळ चवीचा वा किमतीचा नाही. त्या पिशवीची जबाबदारी कोण घेतो, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो २००७ मध्ये. त्या वर्षी मार्च महिन्यात ‘मेन्यू फूड्स’ या कंपनीने उत्तर अमेरिकेतील बाजारातून प्राण्यांच्या ओल्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवली. कुत्री आणि मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मरत होती. तपासात दोष आढळला तो चीनमधून आलेल्या, गव्हाचे ग्लुटेन म्हणून विकल्या गेलेल्या मालात. त्यात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातील रसायन मिसळलेले होते. पुढे तांदळाच्या प्रथिनातही तीच भेसळ सापडली आणि काही कोरडी खाद्येही परत घ्यावी लागली.

या भेसळीमागचे गणित समजून घेण्यासारखे आहे. खाद्यातील प्रथिने थेट मोजली जात नाहीत. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, तर मेलामाइनमध्ये सुमारे ६६ टक्के. म्हणजे एक किलो मेलामाइन या चाचणीत चार किलो प्रथिनांहून अधिक ‘दिसते’. पिशवीवरील प्रथिनांचा आकडा खोटा नव्हता. तो आकडा ज्या चाचणीतून आला तीच फसवली गेली होती. मेलामाइन आणि त्याच्या जोडीने आलेले सायन्युरिक आम्ल यांचे मूत्रपिंडात स्फटिक बनतात आणि मूत्रमार्ग तुंबतो. आशियातील काही देशांत २००४ च्या सुमारास थायलंडमध्ये तयार झालेल्या कोरड्या खाद्यामुळे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्या वेळी संशय बुरशीवर गेला. २००७ नंतर जुने नमुने तपासले तेव्हा तेथेही हीच दोन रसायने निघाली. २००८ मध्ये चीनमध्ये हेच मेलामाइन बालकांच्या दूध-भुकटीत आढळले. सहा बालकांचा बळी गेला, सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. प्राण्यांच्या ताटलीतील इशारा माणसाच्या ताटापर्यंत पोहोचायला वर्ष-दीड वर्षही लागले नाही.

दुसरा धोका रसायनाचा नसून बुरशीचा आहे, आणि तो कोरड्या खाद्याला अधिक जवळचा आहे. मका, शेंगदाणा यांसारख्या पिकांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. ड्राय फूड बनवताना पीठ, मांसाची भुकटी आणि वाफ यांचे मिश्रण उच्च तापमानाला व दाबाखाली साच्यातून ढकलले जाते. या उष्णतेत जिवाणू मरतात, अफ्लाटॉक्सिन मात्र बऱ्याच अंशी टिकून राहते. त्यामुळे कच्चा मका कारखान्याच्या दारातच तपासणे हाच खरा उपाय. अमेरिकेत त्याची मर्यादा एक अब्ज भागांत २० भाग इतकी आहे. तरीही २००५ च्या अखेरीस एका कंपनीच्या खाद्यामुळे शंभराहून अधिक कुत्री दगावली. २०२० च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका कंपनीचा माल परत घेतला गेला, तेव्हा ११० हून अधिक कुत्र्यांच्या मृत्यूची आणि २१० कुत्र्यांच्या आजाराची नोंद अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे झाली.

दाणे तयार झाल्यावर चवीसाठी त्यांच्यावर चरबी फवारली जाते. हा टप्पा उष्णतेनंतरचा असल्याने येथे स्वच्छता ढळली तर साल्मोनेलासारखे जिवाणू पुन्हा शिरू शकतात. २०१२ मध्ये अमेरिका व कॅनडात अशा कोरड्या खाद्याच्या संपर्कातून ४९ माणसे आजारी पडली. कुत्रा वरकरणी ठणठणीत असतो आणि त्याच्या ताटलीला हात लावणारे मूल आजारी पडते. म्हणजे हा विषय केवळ प्राणिप्रेमींचा राहत नाही.

तिसरे उदाहरण फॅशनचे आहे. धान्य म्हणजे निव्वळ भरताड, अशी समजूत पसरवून ‘ग्रेन-फ्री’ म्हणजे धान्यविरहित खाद्ये महागड्या दराने विकली गेली. धान्याऐवजी त्यांत वाटाणे, मसूर, बटाटे आले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा खाद्यांचा आणि हृदयाचे स्नायू दुर्बल करणाऱ्या विकाराचा काही संबंध आहे काय, याची चौकशी जाहीर केली. एप्रिल २०१९ पर्यंत ५२४ प्रकरणांची नोंद झाली होती. नेमका कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही आणि डिसेंबर २०२२ मध्ये, अर्थपूर्ण नवी माहिती आल्याशिवाय पुढील निवेदन करणार नसल्याचे प्रशासनाने सांगितले. निष्कर्ष अपुरा असला तरी बोध पुरेसा आहे. अधिक किंमत आणि आकर्षक दावा म्हणजे अधिक सुरक्षितता नव्हे. विशिष्ट ॲलर्जीचे निदान झालेले नसताना कुत्र्याला धान्य वर्ज्य करण्याचे कारण नाही.

या सर्व प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. अमेरिकेसारख्या देशातही खाद्य बिघडले. पण ते बिघडल्याचे कळले. पशुवैद्यकांनी तक्रारी कोठे नोंदवायच्या हे ठरलेले होते, बॅच क्रमांकावरून माल हुडकता आला आणि तो परत घ्यायला लावणारी यंत्रणा अस्तित्वात होती. भारतात या तीनही बाबतींत परिस्थिती कशी आहे?

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य स्पष्टपणे वगळलेले आहे. साहजिकच बिस्किटाच्या पुड्यावर लागू होणारी शिस्त डॉग फूडच्या पिशवीला लागू होत नाही. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक तयार केले आहे. पण ब्युरोची मानके मुळात ऐच्छिक असतात. सरकारने स्वतंत्र आदेश काढला तरच ती बंधनकारक होतात. दुकानातील डॉग फूडच्या पिशव्यांवर आयएसआय चिन्ह सहसा दिसत नाही, याचे कारण हेच. वैध मापनशास्त्राच्या नियमांमुळे उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि कमाल किंमत छापावी लागते. आयात मालाला पशुसंवर्धन विभागाचा परवाना लागतो, पण त्याचा मुख्य रोख प्राण्यांचे रोग देशात येऊ नयेत यावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार घातक माल परत घेण्याचा आदेश देता येतो आणि सदोष उत्पादनाबद्दल भरपाईही मागता येते. मात्र त्यासाठी पुरावा लागतो. आणि तो उभा करण्याची जबाबदारी येते ती ग्राहकावर.

या पार्श्वभूमीवर पिशवी वाचता येणे हे ग्राहकाचे पहिले संरक्षण ठरते. पुढच्या बाजूचे कोंबडीचे चित्र नव्हे, मागील बाजूचा बारीक मजकूर महत्त्वाचा. सर्वप्रथम पाहावे ते पोषणपूर्ततेचे विधान. हे खाद्य ‘संपूर्ण आणि संतुलित’ आहे काय, आणि कोणत्या वयासाठी? त्यात बहुधा ‘आफ्को’ या अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचा किंवा ‘फेडियाफ’ या युरोपीय उत्पादक महासंघाचा उल्लेख असतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. आफ्को कोणत्याही उत्पादनाला प्रमाणपत्र देत नाही. ती केवळ निकष ठरवते. त्या निकषांनुसार ओलावा वगळून मोजल्यास प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात किमान १८ टक्के आणि पिल्लाच्या खाद्यात २२.५ टक्के प्रथिने हवीत. पिशवीवरील आकडा ओलाव्यासह असतो. ओलावा १० टक्के आणि प्रथिने २४ टक्के असतील, तर २४ ला ९० ने भागून खरे प्रमाण सुमारे २६.७ टक्के येते. दोन खाद्यांची तुलना याच पद्धतीने करावी.

घटकांची यादी सर्वसाधारणपणे वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पण तीही सावधपणे वाचावी लागते. ताज्या कोंबडीत सुमारे ७० टक्के पाणी असते, त्यामुळे ती यादीत वर जाते. ‘चिकन मील’ ही पाणी व चरबी काढलेली भुकटी असल्याने खाली असूनही अधिक प्रथिने देऊ शकते. मका, मक्याचे पीठ, मका ग्लुटेन अशी एकाच धान्याची वेगवेगळी नावे देऊन त्याचा एकूण वाटाही लपवता येतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा पाहणे अगत्याचे आहे. आफ्कोने ती १.८ टक्के ठरवली आहे. जादा कॅल्शियमने हाडे बळकट होत नाहीत, उलट त्यांची वाढ बिघडते. संतुलित खाद्यासोबत कॅल्शियमचे औषध परस्पर सुरू करण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

यादीपेक्षाही महत्त्वाचे प्रश्न कंपनीला विचारायचे असतात. पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांची ‘वसावा’ ही जागतिक संघटनाही त्यांवर भर देते. पाककृती कोणी ठरवली आणि त्याचे शिक्षण काय? कंपनीकडे पूर्ण वेळ पोषणतज्ज्ञ आहे काय? माल स्वतःच्या कारखान्यात बनतो की अन्यत्र? कच्च्या व तयार मालाच्या कोणत्या चाचण्या होतात? शंभर ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत? पिशवीवरील दूरध्वनीवर किंवा ई-मेलवर हे विचारता येते. सरळ उत्तर देणारी कंपनी आणि जाहिरातीतील वाक्ये परत ऐकवणारी कंपनी यांतील फरक लगेच कळतो.

चांगले खाद्यही प्रमाणाबाहेर दिले तर अपाय करते. दहा किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी पुरतात. शंभर ग्रॅममध्ये ३५० कॅलरी असलेल्या खाद्याचे १८० ग्रॅम झाले की ही गरज भागते. त्यावर बिस्किटे आणि पोळीचे तुकडे आले तर तेवढे दाणे कमी करावे लागतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४८ लॅब्रेडॉरवरील दीर्घकालीन अभ्यासात जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सरासरीने जवळपास दोन वर्षे अधिक जगली.

आपल्याकडील सर्वांत दुर्लक्षित धोका मात्र दुकानातच आहे. अनेक ठिकाणी पंधरा-वीस किलोचे पोते फोडून सुटे खाद्य किलोवर विकले जाते. स्वस्त पडते म्हणून ग्राहकही ते घेतात. पण साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरताच उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक आणि कंपनीचे नाव सारे पुसले जाते. कुत्रा आजारी पडला तर दाद कोणाकडे मागणार? शिवाय फोडलेल्या पोत्यातील चरबी हवेने खवट होते आणि मुंबई-कोकणातील पावसाळी दमट हवेत दाण्यांना बुरशी लागायला वेळ लागत नाही. यासाठी महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच बंद पिशवी घ्यावी, ती मूळ वेष्टनासह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, बिल आणि बॅच क्रमांक जपावा. कुत्र्याला उलट्या, अन्नावरची वासना उडणे, डोळे पिवळे दिसणे किंवा अती तहान ही लक्षणे दिसताच खाद्य थांबवून पशुवैद्यक गाठावा आणि उरलेले खाद्य फेकून न देता नमुना म्हणून राखून ठेवावे.

अर्थात, सारी दक्षता ग्राहकाने घ्यायची आणि व्यवस्थेने हात झटकायचे, हे न्याय्य नाही. सामान्य खरेदीदार घरी अफ्लाटॉक्सिन मोजू शकत नाही. आयएस ११९६८ हे मानक बंधनकारक करणे, सुट्या विक्रीला आळा घालणे आणि पशुवैद्यकांना संशयित प्रकरणे नोंदवता येतील असे एक ठिकाण निश्चित करणे, या तीन गोष्टींसाठी नव्या संशोधनाची गरज नाही. गरज आहे ती निर्णयाची. मेलामाइनने प्राणी आणि बालक असा भेद केला नव्हता. पशुखाद्याला कायद्याच्या व्याख्येबाहेर ठेवताना याचा विसर पडलेला दिसतो.