दोन हजारांचा भरवसा

पासपोर्टसाठी अर्ज करणाऱ्या कोल्हापूरकराला सरकार पहिल्याच पायरीवर विचारते: तुझ्यावर भरवसा का ठेवावा? आणि उत्तराची वाट न पाहता दरही सांगून टाकते. साध्या मार्गाने आलास तर छत्तीस पानी पुस्तिकेचे १५०० रुपये भर आणि सहसा पोलिसांचा अहवाल येईपर्यंत गप्प बसून राहा. तात्काळचे आणखी २००० मोजलेस तर बहुतेक वेळा पासपोर्ट आधी हातात पडेल, पोलीस मागाहून चौकशी करत बसतील. अर्जदार तोच, पत्ता तोच, आधार कार्ड तेच. बदलले ते मुख्यतः चलन. देशाच्या सुरक्षेसाठी आधी पोलीस पडताळणी झालीच पाहिजे, असे जे छाती फुगवून सांगतात त्यांनी एकदा एवढेच सांगावे, की ती सुरक्षा दोन हजारांत गहाण कशी पडते? पैसेवाल्याचा शत्रुदेशाशी संबंध नसतो आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत घाम गाळणाऱ्याचा असतो, हा शोध परराष्ट्र खात्याने कुठल्या प्रयोगशाळेत लावला?

पडताळणी म्हणजे प्रत्यक्षात काय होते, हे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पासपोर्ट केंद्रात अस्सल कागदपत्रे तपासून झालेली असतात, फोटो निघालेला असतो, दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात. इतके झाल्यावर एके दिवशी फोन वाजतो: ‘ठाण्यात या, सगळ्याच्या झेरॉक्स आणा, दोन साक्षीदार आणा.’ मग पोराने कामावर खाडा करायचा, साक्षीदारांनी त्यांच्या कामावर खाडा करायचा आणि तिघांनी मिळून बाकावर बसायचे. ‘साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या’ हे ऐकून परत फिरायचे. पोलीस घरी आलेच तर गल्लीतल्या दहा दारांतून माना बाहेर येतात, ‘काय केलंय रं ह्यानं?’ जर्मनीला शिकायला निघालेल्या पोरीच्या आईबापाने त्या दिवशी शेजाऱ्यांना खुलासे देत बसायचे. सगळ्यात शेवटी येते ती खाकी परंपरेतली जुनी ओळ: ‘आमचं काहीतरी बघा की.’

सगळेच पोलीस असे आहेत, असे आम्ही म्हणत नाही. चहाचा घोटही न घेता दोन मिनिटांत टॅबवर अहवाल पाठवणारे हवालदार या जिल्ह्यात आहेत आणि त्यांना आमचा मुजरा. पण नागरिकाचा हक्क आज ड्युटीवर कोण आहे यावर ठरणार असेल, तर त्याला हक्क म्हणायची लाज वाटली पाहिजे. आणि पोलिसांचे हे काम फुकटचे तरी आहे का? २१ दिवसांत अहवाल गेला तर परराष्ट्र खाते राज्याच्या पोलिसांना अर्जामागे १५० रुपये मोजते. तो पैसाही शेवटी जनतेचाच. म्हणजे चहापाण्याची किंमत आगाऊ वसूल झालेली आहे. दारात मागितले जाते ते दुसऱ्यांदा!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण कायद्याचे नाव घेऊनच हा सगळा तमाशा चालतो. १९६७ पर्यंत पासपोर्ट ही दिल्लीश्वरांची मर्जी होती. त्या वर्षी १० एप्रिलला सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मर्जी मोडीत काढली आणि परदेशी जाणे हा घटनेच्या २१व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. सरकारला धावपळ करून त्याच जूनमध्ये पासपोर्ट कायदा करावा लागला. त्या कायद्याचे पाचवे कलम म्हणते, की पासपोर्ट अधिकाऱ्याला आवश्यक वाटेल ती चौकशी, काही करायची असल्यास, त्याने करावी. ‘करायची असल्यास’! प्रत्येकाच्या उंबऱ्यावर खाकी पाय उमटलाच पाहिजे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. सहाव्या कलमात नकाराची कारणे दिली आहेत. अर्जदार भारताचा नागरिक नसणे, गेल्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान दोन वर्षांची शिक्षा, फौजदारी कोर्टात प्रलंबित खटला, अटकेचे वॉरंट, देशाच्या सुरक्षेला बाधा आणि अशीच आणखी काही. यातले एक तरी कारण शेजारच्या काकूंना विचारून कळते का? खटले कोर्टाच्या दप्तरात असतात. गुन्हे पोलिसांच्या संगणकात असतात. देशभरातली ठाणी एका जाळ्यात जोडण्यासाठी २००९ पासून जनतेचे पैसे ओतलेले आहेत. मग त्या संगणकाचे बटण दाबायचे सोडून राजारामपुरीतल्या निवृत्त मास्तरांकडे ‘दोन इसमांच्या सह्या’ कशाला मागता?

बरे, या चाळणीत अडकते तरी कोण? बँक घोटाळ्यातला आरोपी मेहुल चोक्सी याने अँटिग्वाचे नागरिकत्व मिळवताना जोडलेला निष्कलंकपणाचा पोलीस दाखला मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाने दिलेला होता, असे २०१८ मध्ये अँटिग्वाच्या सरकारने जगाला सांगितले. बँकांचे कर्ज बुडवल्याचा आरोप असलेला विजय मल्ल्या २ मार्च २०१६ रोजी गेला तो चक्क राजनैतिक पासपोर्टवर, राज्यसभेचा सन्माननीय सदस्य म्हणून. आणि लांब कशाला जायचे? ज्या पुणे कार्यालयाच्या अखत्यारीत आपले कोल्हापूर येते, तिथलेच २०२५ सालचे प्रकरण घ्या. पुण्याचा कुख्यात गुंड नीलेश घायवळ आडनावात फेरफार करून अहिल्यानगरच्या पत्त्यावर पासपोर्ट मिळवतो आणि देशाबाहेर निसटतो, हे खुद्द पोलिसांचेच म्हणणे आहे. गुंडाला आडनावातले एखादे अक्षर इकडेतिकडे करून वाट मोकळी, आणि शाळेच्या दाखल्यावर वडिलांचे नाव ‘बापू’ आणि आधारवर ‘बापूसो’ असले म्हणून कागलच्या शेतकऱ्याचा मुलगा खेपा घालतो! याला पडताळणी म्हणायचे असेल तर थट्टा कशाला म्हणायचे?

या मनोवृत्तीचा खरा चेहरा जानेवारी २०१८ मध्ये देशाने पाहिलाच होता. दहावी न झालेल्या, म्हणजे बहुतांशी मजूर माणसाच्या पासपोर्टला नारिंगी वेष्टण घालायचा बेत परराष्ट्र खात्याने जाहीर केला होता. परदेशातल्या विमानतळावर लांबूनच ओळखू यावे, हा अडाणी! देशभर ओरड झाली, तेव्हा महिनाअखेरीस निर्णय मागे घेतला गेला. वेष्टण मागे घेतले. वृत्ती मात्र शाबूत आहे.

कोल्हापूरला तर ही वृत्ती विशेष बोचते. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला धाडायचे होते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गहाणखतावर आले. एका मास्तराने विद्यार्थ्यावर ठेवलेला तो भरवसा. आणि आज पासपोर्ट पुस्तिका ज्या महाराष्ट्रात, नाशिकरोडच्या छापखान्यात छापल्या जातात, तिथल्याच नागरिकावर सरकारचा १५०० रुपयांत भरवसा बसत नाही! जून २०२५ मध्ये आमच्या कोल्हापुरी चपलेची नक्कल मिलानच्या फॅशनच्या मंचावर मिरवून आली. अस्सल चप्पल शिवणारा कारागीर तिच्यामागून निघाला असता, तर त्याला आधी दोन साक्षीदार शोधावे लागले असते.

सरकारने काहीच केले नाही, असा खोटा आरोप आम्ही करणार नाही. २०१७ मध्ये कोल्हापुरात टपाल खात्याच्या जागेत पासपोर्ट सेवा केंद्र आले आणि पहाटेची एसटी धरून पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रावर जायची पायपीट टळली. गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या माणसाला याची किंमत विचारा. पण मुंढव्याची रांग हटवून ठाण्यातला बाक तसाच ठेवायचा, ही अर्धी सुधारणा झाली. दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारले, की दिल्ली म्हणते पोलीस राज्याचे, मुंबई म्हणते पासपोर्ट दिल्लीचा. मधल्या मध्ये नागरिक मात्र कुणाचाच नाही.

आणि हे दुसरे अर्धे करता येत नाही, ही सबब तर साफ खोटी आहे. जानेवारी २०१६ मध्ये परराष्ट्र खात्यानेच जाहीर केले होते, की आधार, मतदार ओळखपत्र, पॅन आणि एक प्रतिज्ञापत्र जोडणाऱ्याला जादा पैसे न घेता पासपोर्ट आधी मिळेल आणि पडताळणी नंतर होईल. २०२२ मध्ये मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी पासपोर्टच्या अर्जदारांना ठाण्यात बोलवायचे नाही, असे फर्मावले. मुंबई काही समुद्रात बुडाली नाही. कुणी खोटी माहिती दिलीच, तर कायद्याच्या १२व्या कलमात दोन वर्षांपर्यंतची कैद आहेच की. ती लबाडाला द्या. लबाडाच्या नावाने प्रामाणिक माणसाला वेठीला धरू नका.

तेव्हा आमची मागणी रोखठोक आहे. पत्ता न बदललेल्या, गुन्हा नसलेल्या माणसाच्या नूतनीकरणाला पोलिसाची पायरी नको. नव्या अर्जात जे तपासायचे ते संगणकात तपासा, आणि जी सवलत तात्काळवाल्याला २००० रुपयांत विकता, ती साध्या अर्जदाराला त्याच्या १५०० रुपयांत द्या. कोल्हापूर आणि हातकणंगले, दोन्ही खासदारांनी हा प्रश्न येत्या अधिवेशनात लोकसभेत उभा करावा. जिल्हा पोलीस प्रमुखांना तर दिल्लीचीही वाट पाहायचे कारण नाही. पासपोर्टच्या अर्जदाराला ठाण्यात बोलवायचे नाही, एवढा एका ओळीचा आदेश ते आज संध्याकाळी काढू शकतात.

आणि वाचकहो, तोवर कुणी ‘काहीतरी बघा’ म्हणाले, तर खिशात हात घालू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. तो फिरवा.