नापास गाडीचा आकडा

दुर्गहून राजनांदगावकडे निघालेली पॅसेंजर पहिल्यांदा थांबते ती रसमड्याला. बाजूला बोरईचं औद्योगिक केंद्र, स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि चिमण्या. या पट्ट्यातल्या माणसाला सांगून पाहा की तुमच्या सतरा-अठरा वर्षांच्या मारुतीचा धूर मर्यादेबाहेर आहे. तो आधी हसेल, मग चिडेल आणि शेवटी चिमणीकडे बोट दाखवेल. भिलाई-दुर्गच्या मराठी घरांतही हेच चालतं. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेल्या कित्येकांच्या दारात अशी एक जुनी गाडी असते. ती नागपूरच्या लग्नाला जाते, डोंगरगडला जाते आणि पीयूसीची, म्हणजे धूर-तपासणीच्या कागदाची, तारीख जवळ आली की घरात वाद लावते. या वादात जी वाक्यं हमखास ऐकू येतात, त्यांची झडती घ्यायची आहे.

चिमणीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार, म्हणून तोच आधी घेतो. भट्टीपुढे मोटारीचा धूर तो काय? मान्य आहे. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत दुर्ग-भिलाई आहे, आणि ते काही आपल्या मारुतींच्या एकट्या कर्तबगारीनं नाही. कोळशावरच्या स्पंज आयर्न भट्टीतली धूळ अडवायला ईएसपी हे विजेवर चालणारं यंत्र लागतं. ते बंद ठेवलं की वीज वाचते आणि गावाच्या अंगणात काजळी उतरते. रात्री चिमण्या जास्त काळ्या होतात, ही अशा पट्ट्यांतली जुनी तक्रार उगाच नाही. पण चिमणीनं गुन्हा केला म्हणून सायलेन्सर निर्दोष सुटतो, हा कुठला न्याय? चिमणी उंचावर धूळ सोडते. सायलेन्सर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल शाळेत निघालेल्या पोराच्या नाकापाशी सोडतो. विष वेगळं, उंची वेगळी. शिवाय भट्टीच्या धुळीला दर घनमीटरला 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती पाळली जाते का, असं विचारायचं तर विचारणाऱ्याच्या खिशातला स्वतःच्या गाडीचा कागद खरा असायला हवा.

इथेच दुसरं वाक्य येतं: 'कागद काय, शंभर रुपये जास्त दिले की मिळतो.' कधीकधी गाडी न नेताही मिळतो, हेही खरं. व्यवस्थेतली ही कीड नाकारण्यात अर्थ नाही. पण हा सौदा स्वस्त आहे असं म्हणणाऱ्यानं हिशेब अर्धाच मांडलेला असतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त येणं म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल जास्त जाणं. तुम्ही पंपावर पैसे मोजून भरलेलं इंधन धड न जळताच मागच्या नळीतून बाहेर पडतंय. खोट्या कागदानं ही गळती थांबत नाही, फक्त सहा महिने झाकली जाते. वर गाडीचा धूर रस्त्यावर तपासला गेला, तर 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनं दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो. शंभराच्या सौद्यात ही जोखीम कोणी धरत नाही.

तिसरं वाक्य निराशेचं: 'पंधरा वर्षं झाली, आता पास होणारच नाही, भंगारात द्या.' हा दिल्लीच्या बातम्या वाचून झालेला घोटाळा आहे. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल रस्त्यावर नको, हा नियम राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा. तिथेही वयावरून गाडी मोडीत काढायची की धुरावरून, हा वाद 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुन्हा गेला. छत्तीसगडमध्ये खासगी मोटार पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदवता येते. या फेरनोंदणीचं शुल्क एप्रिल 2022 पासून सहाशेचं पाच हजार झालं, ही खरी झळ. पण झळ म्हणजे बंदी नव्हे.

आणि पास होण्याची अट जुन्या गाडीला नव्या गाडीइतकी कडक नाही, हे तर बहुतेकांच्या गावीच नसतं. भारत स्टेज-2 (बीएस-2) च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला उभ्या इंजिनावर कार्बन मोनॉक्साइड 3 टक्के आणि हायड्रोकार्बन 1500 पीपीएमपर्यंत चालतं. बीएस-2 आणि बीएस-3 ला 0.5 टक्के आणि 750. बीएस-4 ला 0.3 टक्के आणि 200. देशभर बीएस-2 आलं 2005 मध्ये, बीएस-3 2010 मध्ये, बीएस-4 2017 मध्ये. म्हणजे 2008 ची अल्टो तिच्या पिढीच्या मापानंच मोजली जाते. तुलना तिच्या तरुणपणाशी आहे, शेजाऱ्याच्या नव्या गाडीशी नाही. म्हणून ती नापास झाली, तर वय हे उत्तर होऊ शकत नाही. काहीतरी बिघडलंय एवढाच त्याचा अर्थ.

काय बिघडलंय ते तपासणीचा कागदच सांगतो, आणि आपण नेमका तोच वाचत नाही. रक्ततपासणीचा अहवाल घेऊन डॉक्टरकडे न जाता थेट औषधाच्या दुकानात जावं, तसं चाललेलं असतं. कार्बन मोनॉक्साइड जास्त आणि हायड्रोकार्बन बेताचं, तर मिश्रण पेट्रोलनं जड झालंय. आधी एअर फिल्टर पाहा. रसमड्याच्या धुळीत तो कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या खूप आधी गच्च होतो. पुस्तक लिहिणाऱ्यानं बोरईचा रस्ता पाहिलेला नसतो. कार्बोरेटरवाल्या जुन्या मारुती 800 मध्ये चोक अडकलाय का, फ्लोटची पातळी वर गेलीय का, हे बघावं. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरवाल्या, गाडीत थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन तापतच नाही. मग गाडीचा संगणक इंजिन थंड आहे असं समजून जादा पेट्रोल सोडत राहतो. ऑक्सिजन सेन्सर मेला तरी परिणाम तोच.

उलट हायड्रोकार्बन चढलंय आणि कार्बन मोनॉक्साइड ठीक आहे, तर पेट्रोल पेटायचंच राहतंय. प्लग, प्लगची वायर, व्हॉल्व्ह, नाहीतर कुठल्यातरी रबरी नळीला पडलेली चीर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होतं, हेही ध्यानात ठेवा. चिरलेल्या व्हॅक्यूम नळीतून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन अडखळतं. ही नळी बदलायला लागणारे पैसे दुपारच्या चहा-नाश्त्याच्या पंगतीतले. दोन्ही आकडे चढलेले असतील, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा विचार करावा, तोही वरचं सगळं पाहून झाल्यावर.

आणि नेमकं हेच उलटं घडतं. गाडी नापास झाली की गॅरेजात पहिलं वाक्य येतं, 'कन्व्हर्टर गेला.' तो सगळ्यांत महागडा भाग असतो, हा योगायोग समजायचा का? प्लग नासलेला असताना नवा कन्व्हर्टर बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. न जळलेलं पेट्रोल त्या नव्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो भाजून निघतो आणि काही महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच. टाकीत ओतायच्या 'पीयूसी पास' बाटल्यांबद्दल तर काय बोलावं! इंजेक्टरवरची थोडी राळ निघाली तर निघाली. गच्च एअर फिल्टर कुठल्याही बाटलीनं मोकळा होत नाही.

मिस्त्रीचा कान मोठा, हेही एक लाडकं मत. कार्बोरेटरचा स्क्रू कानानं फिरवून आयडलिंग गोड करणारे मिस्त्री मीही पाहिलेत, आणि त्यांच्या हाताला दाद दिलीय. पण कानाला गोड लागणारं आयडलिंग बहुधा पेट्रोलनं जड असतं. मिश्रण पातळ करत जाल तर एका टप्प्यानंतर इंजिन अडखळू लागतं आणि हायड्रोकार्बन उसळी मारतं. या दोहोंमधली जागा अरुंद असते आणि ती यंत्राच्या काट्यावरच सापडते. ज्या गॅरेजात गॅस अ‍ॅनालायझर आहे, तिथे नळी सायलेन्सरमध्ये घालून ठेवूनच ट्यूनिंग करून घ्यावं. तेच पीयूसी केंद्र असेल तर उत्तमच.

तपासणीला जाताना गाडी तापलेली असू द्या. कन्व्हर्टर साधारण तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय नीट काम करत नाही. घरापासून दोन चौक चालवून नेलेली गाडी थंड कन्व्हर्टरनं नापास होते आणि मालक नशिबाला दोष देतो. दुर्ग-राजनांदगाव रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं बऱ्या वेगानं चालवा आणि इंजिन बंद न करता रांगेत उभे राहा. ही लबाडी नाही. परीक्षाच तापलेल्या इंजिनाची आहे.

डिझेलवाल्यांसाठी एक इशारा. तिथे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची घनता मोजतात. बीएस-4 आधीच्या गाडीला मर्यादा 65 हार्ट्रिज, बीएस-4 ला 50. जुना टायमिंग बेल्ट या दाबादाबीत तुटला तर इंजिनच जातं. तेव्हा बेल्ट आणि ऑइल आधी तपासा, मग रांगेत लागा. काळ्या धुराचं मूळ अनेकदा एअर फिल्टरमध्ये, टर्बोच्या फाटलेल्या नळीत किंवा इंजेक्टरमध्ये असतं.

पाचवा आक्षेप जाणकारांचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं खंडन नाही. पीयूसीच्या उभ्या इंजिनावरच्या चाचणीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जात नाहीत, पेट्रोल गाडीतले बारीक कणही नाहीत. म्हणजे पास झालेली गाडी स्वच्छ आहे असं सिद्ध होत नाही. बरोबर आहे. जुनी गाडी पास झाली तरी नव्या बीएस-6 च्या पंगतीला बसत नाही. पण अपुरी चाचणी आणि निरुपयोगी चाचणी यांत फरक आहे. जे दोन आकडे ती मोजते, ते तरी खरे मोजले जावेत.

आणि काही गाड्यांचा शेवट खरोखर आलेला असतो. निळसर धूर येतोय, ऑइल दर महिन्याला कमी होतंय, कॉम्प्रेशन पडलंय, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. अशा इंजिनावर फिल्टर-प्लगचा खर्च करू नये. इंजिन उतरवायचा खर्च गाडीच्या किमतीला भिडत असेल, तर ती भंगारात द्यावी.

जून 2021 पासून नियमात एक सोय आहे. गाडी नापास झाली तर केंद्रानं कारणासह नापासाची स्लिप द्यायची असते. ती दाखवून गाडी दुरुस्तीला नेता येते. बहुतेक लोक ती मागतच नाहीत. 'काहीतरी करा हो' म्हणत नोट पुढे करतात. पुढच्या वेळी नोट खिशातच ठेवा आणि ती स्लिप मागा. मिस्त्रीसमोर तीच ठेवा आणि विचारा, या आकड्यासाठी आधी काय पाहणार? उत्तर 'कन्व्हर्टर' आलं तर दुसरं गॅरेज बघा. आणि खरा पास झालेला कागद हाती आला की पर्यावरण संरक्षण मंडळाच्या भिलाईच्या कार्यालयात एक अर्ज द्या: रसमड्याच्या चिमण्यांचे रात्रीचे आकडे आम्हालाही दाखवा.