उन्हाळ्याच्या सुटीचा हिशेब

दहावीची परीक्षा आटोपली, मार्च संपत आला, की लातूर आणि नांदेड या दोन शहरांच्या एस. टी. स्थानकांवर एक ठराविक सामान उतरू लागते. गादीची वळकटी, पुस्तकांची पेटी, बादली, आणि या सर्वांसोबत जुन्या धोतराच्या किंवा साडीच्या फडक्यात बांधलेला एक डबा. हे सामान उदगीर, अहमदपूर, निलंगा, मुखेड, देगलूर, कंधार अशा ठिकाणांहून आणि त्यांच्याही पलीकडच्या खेड्यांतून येते. त्याच्या मागे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते, आणि बहुधा वडील असतात. दोन दिवसांत खोली ठरते, खानावळ ठरते, शिकवणीच्या शुल्काचा पहिला हप्ता भरला जातो. या सर्व खर्चाच्या पावत्या मिळतात व त्या जपून ठेवल्या जातात. डब्याची पावती मात्र कोणी देत नाही. त्यात शेंगदाण्याची चटणी असते, चिवडा असतो, आणि पुष्कळदा घरच्या पिठाची बिस्किटे असतात.

घरच्या पिठाची बिस्किटे हा मराठवाड्याच्या गृहजीवनातील एक साधा, पण विचार करण्याजोगा प्रकार आहे. घरी भट्टी नसते. म्हणून पीठ दळून आणायचे, साखर कुटून किंवा दळून घ्यायची, डालडा अथवा साठवलेले तूप मोजायचे, आणि हे सारे साहित्य घेऊन गावातल्या किंवा तालुक्याच्या बेकरीत जायचे, अशी रीत पडली. बेकरीवाला किलोमागे मजुरी घेऊन पीठ मळतो, पत्र्यांवर बिस्किटे पाडतो आणि भट्टीतून काढून देतो. आपल्या तुपाच्या जागी दुसऱ्याचा डालडा येऊ नये म्हणून घरातले एखादे पोर तिथे राखणीला बसवायचे, आणि पहिले गरम बिस्किट त्या पोराचे, हेही ठरलेले. संध्याकाळी तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा काठोकाठ भरून घरी येई आणि पुढचे महिनाभर तो माळ्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा बेताने ठेवला जाई. बेकरीचा हा धंदा अनेक गावी मुसलमान कारागिरांच्या हाती होता व आहे. निजामाची राजवट १९४८ साली संपली. हैदराबादकडच्या बेकरीचे वळण मात्र या मुलखात उरले. एरवी एकमेकांच्या स्वयंपाकघराशी संबंध नसलेल्या घरांचे पीठ त्या एका भट्टीत भाजले जाई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. जिथे बेकरी नव्हती तिथे पातेल्यात वाळू तापवून आणि झाकणावर निखारे ठेवून नानकटाई भाजण्याचा खटाटोप गृहिणींनी केला. ती कधी जळे, कधी कच्ची राही. खाणाऱ्यांची तक्रार नसे.

हा सारा उद्योग उन्हाळ्याच्या सुटीतला. एप्रिल-मे हे दोन महिने म्हणजे घराच्या वार्षिक उत्पादनाचा हंगाम. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून कुरडया घालायच्या. पाटावर शेवया वळायच्या. उडदाचे पीठ कुटून पापड लाटायचे. सांडगे, खारवड्या, लोणची करायची. शेजारच्या चार बाया आज हिच्या घरी तर उद्या तिच्या घरी, अशी श्रमाची उसनवारी चाले आणि तिचा हिशेब कोणी कागदावर न मांडताही चोख राही. या कामाला रम्य मानण्याचे कारण नाही. पहाटे चारला उठून चुलीपुढे चीक हाटणाऱ्या बाईला पाठ आणि खांदे काय म्हणत होते, हे तिलाच ठाऊक. यंत्रावरच्या शेवया आणि बाजारचे पापड आले तेव्हा अनेक घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो रास्तच होता.

परंतु त्या हंगामात मुलांना एक निश्चित जागा होती, हेही तितकेच खरे. गच्चीवर किंवा माळवदावर वाळवण घातले की कावळे हाकायला मुले बसत. राखण हे नाव. वस्तुतः तो दिवसभराचा खेळ. वाळवणाच्या कडेला सावली बघून फरशीवर कोळशाने पट आखला जाई. चिंचोके घासून, फोडून त्यांचे फासे होत. मुली गजगे खेळत. पुण्याकडे त्यांना सागरगोटे म्हणतात. संक्रांतीची बोळकी जपून ठेवलेली असत, ती भातुकलीसाठी बाहेर निघत. पापडाची लाटी आणि कुरडईचा चीक हाच त्या भातुकलीतला खरा स्वयंपाक. विटी सुताराच्या टाकाऊ लाकडाची, चेंडू चिंध्यांचा. यातली एकही वस्तू विकत आणलेली नसे. घरातल्या कामाच्या उरल्यासुरल्यातून खेळ निघे आणि खेळता खेळता मूल त्या कामात शिरे. दोहोंमध्ये भिंत नव्हती.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पिगू या इंग्रज पंडिताचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. त्याने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले, की एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामकरणीशीच विवाह केला तर देशाचे राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते. काम तेच, करणारी तीच. फक्त वेतन थांबले. शंभर वर्षे उलटून गेली तरी हा पेच सुटलेला नाही. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेल्या ज्वारीला राष्ट्रीय हिशेबात स्थान आहे. ती ज्वारी थापून भाकरी करणाऱ्या हातांना नाही. बचत गटातील बाईने विकलेला पापड उत्पन्नात धरला जातो, तिनेच आपल्या मुलांसाठी लाटलेला पापड धरला जात नाही. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवतात, पुरुष ८८ मिनिटे. २०१९ सालच्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत दोघांचाही वेळ जवळपास सारखाच, दहा मिनिटांच्या आसपास घटला. दोघांतील अंतर होते तिथेच आहे.

ज्या वस्तूला किंमत नसते तिची उधळपट्टी होते, हा अर्थव्यवहारातला जुना अनुभव आहे. विहिरीचे पाणी फुकट होते तोवर ते उपसले गेले. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा त्याची किंमत कळली. आईचे श्रम आणि मुलाची सुटी या दोन गोष्टी आजच्या शिक्षणव्यवहारात अशाच फुकट धरल्या जात आहेत.

‘लातूर पॅटर्न’ला नावे ठेवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. १९७० साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्यासारख्या इतर संस्थांनी जादा तास, वारंवार सराव परीक्षा आणि शिक्षकांची चिकाटी यांच्या बळावर गेल्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्याच्या मुलांना गुणवत्ता यादीत आणून बसवले. ज्या प्रदेशाला मागास म्हणून हिणवले जाई, तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुले डॉक्टर आणि अभियंते झाली. नांदेडनेही त्याच वाटेने जाऊन मोठा पल्ला गाठला. हे यश खोटे नाही. त्याची किंमत मात्र पूर्ण मांडलेली नाही, एवढाच मुद्दा आहे.

शुल्क, खोलीभाडे, खानावळ, पुस्तके ही त्या किमतीची लिहिलेली बाजू. न लिहिलेल्या बाजूत काय येते? पुष्कळ कुटुंबांत आई मुलासोबत शहरात एका खोलीत येऊन राहते आणि वडील गावी शेत सांभाळत हाताने भाकरी करून खातात. एका घराच्या दोन चुली होतात. धाकटे मूल कोणत्या चुलीपाशी राहणार, याचाही निर्णय करावा लागतो. जिथे आई येऊ शकत नाही तिथे दर आठ-पंधरा दिवसांनी डबा येतो, कधी गावच्या माणसाबरोबर, कधी एस. टी.त कंडक्टरच्या ओळखीने. त्या डब्यामागे रात्री जागून केलेले काम असते. खानावळीचे जेवण ज्याच्या घशाखाली उतरत नाही तो मुलगा त्या डब्यावर अभ्यास करतो. पुढे त्याच्या गुणांची जाहिरात चौकाचौकांत लागते. डबा कोणी पाठवला होता, हे फलकावर येत नाही.

आणि दुसरी गोष्ट सुटीची. पूर्वी दहावीनंतरचे अडीच महिने हे आयुष्यातले सर्वांत निश्चिंत महिने मानले जात. आता शेवटची उत्तरपत्रिका दिल्याबरोबर अकरावीचे वर्ग सुरू होतात. त्याहून लहान मुलांसाठी आठवी-नववीपासून पायाभरणीचे वर्ग आहेत आणि त्यांचीही सोय उन्हाळ्यातच केलेली असते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत घर उत्पादन करीत असे आणि मूल त्या उत्पादनाच्या कडेला खेळत असे, नेमके तेच महिने शिकवणीने व्यापले. बेकरीत राखणीला बसवायला आता मूल नाही. बाई फोनवर सांगते आणि तयार बिस्किटे तोलून आणते.

यात जुन्या काळाबद्दलचा हळवेपणा आहे असे कोणी म्हणेल. म्हणावे. परंतु लहानपणच्या वस्तू जपणे ही केवळ हळवी बाब नसते. पुण्यातील केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्यावे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, पेट्या, खेळणी, स्वयंपाकघरातली भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि बालपणीच निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. १९७५ साली हा संग्रह त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. एका घराने आपल्या मुलाची आठवण अशा रीतीने जपली आणि साऱ्या महाराष्ट्राच्या गृहजीवनाचा इतिहास त्यातून हाती आला.

लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील घरांना हे भाग्यही लाभले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि माळवदे कोसळली, हजारो माणसे त्यांखाली गेली. तिथे कोण बोळकी आणि गजगे शोधणार होते? त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली मुले आज चाळिशीत आहेत आणि त्यांची मुले शिकवणीच्या वयात आली आहेत. नव्या वसाहतींत सरळ रस्ते आणि आखीव घरे आली. माळवद गेले, तसेच त्यावरचे वाळवणही. अशा आईबापांपाशी मुलांना दाखवायला लहानपणीची एकही वस्तू नसेल, पण पट कसा आखायचा आणि गजगे कसे झेलायचे, हे हातांना आठवते. ते शिकवायला एक उन्हाळा मोकळा हवा. तोच नाही.

बालकांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. त्यातील एकतिसाव्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नमूद केला आहे. आपल्याकडे या कलमाची चर्चा क्वचितच होते. वेठबिगारीत अडकलेल्या मुलांपुरतेच ते आहे, असा समज दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांहून अधिक शिकवू नये, साप्ताहिक सुटी द्यावी, इतकेच नव्हे तर त्या त्या भागातील महत्त्वाच्या सणांना मुले कुटुंबाशी जोडलेली राहतील अशा बेताने रजा ठेवाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. सूचना चांगल्या आहेत. त्या अमलात आणायच्या राज्यांनी, आणि राज्यांनी आणल्या तरी त्या पाळल्या जाव्यात अशी इच्छा पालकांना असली पाहिजे. अडचण तिथेच आहे. शेजारचा मुलगा मे महिन्यात वर्गात बसलेला असताना आपला मुलगा गावी आंब्याखाली बसवण्याचे धैर्य एकट्या बापाला होत नाही. सर्वांनी मिळून थांबायचे ठरवले तरच कोणी थांबू शकतो. म्हणून हा प्रश्न एकेका घराच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही.

सणांच्या रजेबद्दल बोलायचे तर या भागात फार शोधावे लागणार नाही. मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, खेड्यातली येळवस, लातूर जिल्ह्यात आजही अशा रीतीने पाळली जाते की शहरातले रस्ते ओस पडतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पाच पांडवांची पूजा होते, भज्जी, आंबील, उंडे आणि खीर यांचे जेवण होते, ज्याला शेत नाही त्याला कोणी तरी आग्रहाने बोलावून नेते. मुले दिवसभर झाडांवर असतात. या दिवशी जिल्ह्यात स्थानिक सुटी देण्याचा प्रघात आहे. दुकानदार त्या दिवसाचा तोटा सहज सोसतो, कचेऱ्या बंद राहतात.

शिकवणी वर्गांचे वार्षिक वेळापत्रक जूनच्या आरंभी छापले जाते. त्यात वेळ अमावस्येचा दिवस आणि तिच्या मागचापुढचा एकेक दिवस गावी जाण्यासाठी कोरा ठेवावा. एप्रिल-मे मधले निदान चार आठवडे कोणताही वर्ग, कोणत्याही नावाने, भरवू नये. आणि ही अट दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सर्व वर्गांना एकाच दिवशी लागू करावी. चालकांचे नुकसान होईल ही भीती निराधार आहे, कारण सर्वांचेच वर्ग बंद असतील तर एकाचा विद्यार्थी दुसऱ्याकडे जाणार नाही. पालक-शिक्षक सभांनी हा ठराव येत्या जूनपूर्वी मांडावा.