गळकी टाकी
म्हैसाळ सिंचन योजनेच्या पाण्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या कवठे महांकाळसारख्या गावात माशांची टाकी गळू लागली की माशांआधी पाण्याचीच हळहळ होते. बाहेरून एम-सील थापणं हा आपला आवडता उद्योग. पण ते टिकत नाही, कारण पाण्याचा दाब आतून असतो. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. म्हणजे टाकी रिकामी करा (पाणी कढीपत्त्याला, त्यात आयतं खत असतं), ब्लेडनं आतला सांधा खरवडून काच कोरी करा, सिलिकॉन भरा आणि त्याचा व्हिनेगरसारखा आंबूस वास पुरता जाईपर्यंत थांबा. बाथरूमचं बुरशीरोधक सिलिकॉन नको, त्यानं मासे दगावतात. तोवर मासे बादलीत, हवेचा पंप चालू. तळाची काचच तडकली असेल तर नवी टाकी घ्यावी. एसटीत मांडीवर काच सांभाळत मिरजेहून येण्यापेक्षा गावातल्याच काचवाल्याकडून बांधून घेतलेली बरी. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो वजन. खाली थर्माकोल हवाच. आणि जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुऊ नका. माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात, नळाच्या क्लोरीननं ते मरतात.