सेलममध्ये वेड कुणाला लागले होते?



आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ नाटकाचा विषय निघाला की आपले पुरोगामी मित्र एक शब्द हमखास वापरतात : समूह-उन्माद. 1692 साली अमेरिकेतल्या सेलम गावाला चेटकिणींच्या भीतीने वेड लागले, 19 जण फासावर गेले. 1953 साली मिलर यांनी ती गोष्ट रंगमंचावर आणली आणि आपल्या काळातल्या कम्युनिस्टांच्या शिकारीवर बोट ठेवले. इथपर्यंत ठीक. पण वेड लागलेल्या माणसाला कुणी जबाबदार धरत नाही. म्हणूनच हा शब्द मला मान्य नाही. नाटक नीट वाचा. आपल्याला काय हवे आहे, हे तिथल्या बहुतेकांना पक्के ठाऊक आहे.

थॉमस पुटनमला जमीन हवी आहे. जाइल्स कोरी भर कोर्टात सांगतो की पुटनमने मुलीला पढवून शेजाऱ्यावर आळ घालायला लावला. शेजारी फासावर गेला की त्याची जमीन जप्त होणार, आणि ती विकत घेण्याइतका पैसा फक्त पुटनमकडे! पाद्री पॅरिसला आपले पद टिकवायचे आहे. न्यायाधीश डॅनफर्थ तर उघडच बोलतो : 12 जण फासावर गेले, आता उरलेल्यांना माफी कशी देऊ? म्हणजे आधीचा निकाल खरा ठरावा म्हणून पुढचे बळी. याला वेड म्हणायचे?

पुटनमच्या बायकोचे दुःख मात्र खरे आहे. तिची सात बाळे दगावली. पण खऱ्या दुःखालाही बोट दाखवायला कुणीतरी लागते, आणि ते बोट सुईणीकडे वळते.

राहिली ॲबिगेल. बहुतेक समीक्षा तिच्या मत्सरावर येऊन थांबते. इतिहासातली ॲबिगेल 11-12 वर्षांची पोर होती आणि जॉन प्रॉक्टर साठीचा. त्यांचे प्रेमप्रकरण मिलर यांनी रचले. नाटकात ती पोरकी मोलकरीण आहे. मालकाने जवळ केली, मालकिणीने हाकलली. ती निर्दोष नाही. पण जमीनदार, पाद्री आणि न्यायाधीश यांच्या पापाचे गाठोडे एका मोलकरणीच्या डोक्यावर ठेवणे किती सोयीचे!

आता मुख्य मुद्दा. अडचणीत आल्यावर ॲबिगेल पहिले बोट कुणाकडे दाखवते? टिट्युबाकडे. बार्बाडोसहून आणलेली गुलाम बाई. पॅरिस तिला मरेपर्यंत फटके मारण्याची धमकी देतो, पुटनम फाशी मागतो. मग ती त्यांना हवे ते बोलते. बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध असमानता ती हीच : लाथ खाणाऱ्यालाही लाथ मारायला खाली कुणीतरी मिळते. प्रॉक्टर आपल्या नावासाठी मरतो आणि नायक ठरतो. पण नाव राखायचे की जीव, ही निवड टिट्युबासमोर कुणी ठेवली होती?

म्हणून हेतू शोधताना दोन प्रश्न विचारा. कुणाला काय हवे होते? आणि ते मिळवण्यासाठी कुणाला चिरडणे सोपे होते? दुसरा प्रश्न गाळला की काय होते, हे आपण खैरलांजीत पाहिले. 2006 साली एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाला त्यामागे सूड दिसला, जात दिसली नाही. अरे, सूड कुणाला नसतो? पण गावाने मिळून सूड उगवायचा तो कुणावर, हे जात ठरवते.

उद्या कुणी ‘जमावाचा उद्रेक’ म्हणाले, तर मान डोलावू नका. सातबारा पाहा, पंचायत कुणाच्या हातात आहे ते पाहा, आणि मेलेल्याची जात विचारा.

जय भीम!